दहा सेकंद

शुक्रवारची दुपार, रुवी, तिसरा मजला.
एसीखालची बादली भरत आलेली.
जेवणाच्या टेबलावरचं लोणचं, मीठ, शर्वरीच्या वह्या सरकवून
मी प्रिंटर ठेवला.
शीबाकडून घेतलेला. ती दहा रियाल म्हणाली, मी सहा,
आठवर जमलं, आणि वर तिनं
अर्धं फोडलेलं कागदांचं पुडकं दिलं
आणि कुंडीतला कढीपत्ता.

खालच्या टायपिंगवाल्याकडे पानाला शंभर बैसे.
शाळेचा फॉर्म, पासपोर्टची प्रत, भाडेकरार,
परत पासपोर्टची प्रत.
आपण इथे आहोत, याच्या
किती झेरॉक्स लागतात.

लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर सापडत नाही.
प्रिंटर त्याच्यापासून वीतभर.
मी दोघांवर एकेक हात ठेवते. हा काय, हा.
काखेत कळसा.

दिगंबरला फोन लावला. तो दुक्मला, बंदरावर.
केबल लाव की सरळ.
केबल नाही.
मग राउटर बंद करून चालू कर.
दोनदा केला.
मग राहू दे, गुरुवारी आलो की बघतो.

त्याच्या गुरुवारसाठी या घरात बरंच काही थांबलंय:
मोरीचा नळ, पडद्याची दांडी,
मागच्या महिन्यातलं एक भांडण.
प्रिंटर तरी नको त्या रांगेत.

तेव्हा पाहिलं, त्याच्या दोन ओळींच्या इवल्या पडद्यावर
एक नाव सरकत होतं.
शीबा-साजी-होम. शोधत आहे.
शीबा-साजी-होम. शोधत आहे.

सहा आठवडे झाले त्यांना कोट्टयमला जाऊन.
बिछाने विकले, फ्रिज विकला, राउटर कंपनीला परत.
ते घर आता हवेत कुठेच नाही
हे याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुस्तिकेत लिहिलंय,
मागच्या छिद्रात टोकदार काही घालून दहा सेकंद दाबा,
आधीचं सगळं पुसलं जाईल.
कागदाची क्लिप सरळ केली. दाबली.
चार. पाच.
मला इथे सोळा वर्षं झाली,
अजून रात्री उठले की दिव्याचं बटण उजवीकडे चाचपते.
ते मिरजेच्या घरात उजवीकडे होतं.
नऊ.
दहा.

मग पासवर्ड. दिगंबरनं ठेवलेला: बासुंदी,
पुढे त्याच्या पहिल्या स्कूटरचा नंबर.
बाण वर, बाण खाली, एकेक इंग्रजी अक्षर,
एसपर्यंत पोचायला अख्खी बाराखडी चालल्यासारखं,
आणि एकदा बोट जास्त दाबलं गेलं तर टी.
परत मागे.
बासुंदी आटवायला याहून कमी वेळ लागतो.

निळा दिवा लुकलुकला.
लुकलुकला. मग थांबला, तसाच पेटलेला.

आता बघू म्हणून झाकण उघडलं
तर काचेवर एक कार्ड, पालथं.
पिवळं पडलेलं, घडीवर फाटू आलेलं.
जोफिन साजी. जन्मवेळचं वजन दोन किलो सातशे.
बीसीजी, पोलिओ, तारखांचे निळे शिक्के.
नवव्या महिन्याच्या रकान्यात शिक्का नाही,
फक्त पेनानं: ताप आहे, पुढच्या आठवड्यात.

तिथे शीबानं सगळ्या बॅगा उलट्या केल्या असतील.
साजीवर ओरडलीही असेल.

मी कार्ड सरळ केलं, झाकण लावलं.
काचेखालून उजेडाची एक पट्टी सावकाश गेली
आणि लॅपटॉपवर जोफिन उमटला, शिक्क्यांसकट.

शीबाला पाठवलं. एकच टिक.
ओमानचा नंबर, बंदच झाला असणार.
तिच्या चर्चमधल्या लिसीला विचारलं,
तिनं नवा दिला, एक्क्याण्णवनं सुरू होणारा.
पाठवलं.
एक टिक. दोन.
मी बादली ओतून आले तोवर उत्तर:
देवा, हे कुठे मिळालं.
आणि लगेच खाली दुसरं:
कढीपत्त्याला रोज पाणी नको घालू हं, मरतो तो.

रोजच घालत होते.

शर्वरीनं आतून विचारलं, आई, माझा फॉर्म छापलास?